आठ विनियर, एक एफडी आणि कंसातलं एक वाक्य

इंदूरच्या लोकमान्य नगरातून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. वय २८, विजय नगरात खासगी नोकरी, हातात पगार ३८,०००, घरी देणं धरून खर्च २४,०००. फेब्रुवारीत लग्न. वरच्या समोरच्या दोन दातांत फट आहे आणि दात जरा पिवळट. डॉक्टरांनी आठ पोर्सिलेन विनियर (दातावर पुढून कायमची चिकटवायची पातळ कवचं) सुचवलीत, दात 'कमीत कमी घासून', दाताला १४,००० प्रमाणे १,१२,०००. बारा महिन्यांचा 'नो-कॉस्ट' ईएमआय मिळेल, रोख दिले तर १,०२,०००. विचारतात, १,६०,०००ची एकुलती एफडी मोडू की हप्ते घेऊ?

दोन्ही नको.

हप्त्यांचं आधी उरकतो. रोखीत दहा हजार सुटतात, म्हणजे खरी किंमत १,०२,००० आणि वरचे दहा हजार हे व्याजच. महिना ९,३३३चा हप्ता धरला तर दर वर्षाला साडेसतरा टक्क्यांच्या घरात जातो. प्रोसेसिंग फी असेल तर आणखी वर. एफडी मोडताना बँक व्याजातले थोडे कापेल, ते किरकोळ. पण आज तुमच्याकडे साडेसहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे, तो अडीच महिन्यांवरही उरणार नाही. तेही लग्नाच्या तोंडावर, खासगी नोकरीत. मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका. दिसण्यासाठी केलेले उपचार त्यात साधारणपणे धरत नाहीत.

आता 'कमीत कमी घासून' या शब्दांकडे येऊ. ते खोटं नाही. असं पातळ कवच साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटरचं. दाताचं वरचं कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, जितकं शाबूत, तितकी पकड पक्की. मात्र 'कमीत कमी' हे दाताच्या बाबतीत, खिशाच्या नव्हे. १९२८च्या सुमारास हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस हे दंतवैद्य नटांच्या दातांवर असली कवचं शूटिंगपुरती चिकटवत, काम झालं की काढून ठेवत. तुमची तशी निघणार नाहीत, आणि घासलेलं इनॅमल परत उगवत नाही. चांगली बसवलेली विनियर दहा वर्षं बहुधा टिकतात, पुष्कळदा पंधराही. म्हणजे चाळिशीच्या आसपास पुन्हा हाच खर्च, त्यानंतर आणखी एकदा. महागाई सहा टक्के धरली तर दहा वर्षांनी आजचे १,१२,००० दोन लाख होतात. साडेसहा टक्क्यांच्या आरडीत ते जमवायला आजपासून महिना सुमारे १,२०० टाकावे लागतील. कोटेशनच्या कागदावर हे १,२०० कुठेच नाहीत.

आणि तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य तुम्ही शेवटी कंसात लिहिलंय: 'आई म्हणते मी झोपेत दात खाते.' ताई, हे डॉक्टरांना सांगितलंत का? दात खाणाऱ्यांची पोर्सिलेन तडकण्याचा धोका जास्त असतो, आणि तडकलं की बहुतेक वेळा ते नवीनच करावं लागतं. रात्री दातांवर घालायचा नाइट गार्ड या हिशेबात हवाच, विनियर करा किंवा न करा.

फट दोन दातांत, बिल आठ दातांचं. उरलेले सहा फक्त रंगासाठी असतील तर रंगाला ब्लीचिंग आहे. तुम्हीच दुसऱ्या दवाखान्याचे दर लिहिलेत: ब्लीचिंग ८,०००, कॉम्पोझिट बाँडिंग (दाताच्या रंगाचा लेप लावून फट भरणं) दाताला ३,५००. दोन दातांचे सात हजार धरून एकूण पंधरा हजार. क्रम मात्र हाच ठेवा: आधी दात साफ करून ब्लीचिंग, मग साधारण दोन आठवडे थांबून बाँडिंग. ब्लीचने दात उजळतो, कॉम्पोझिट किंवा पोर्सिलेन उजळत नाही. बाँडिंग पोर्सिलेनइतकं टिकत नाही, आणि सकाळच्या पोह्यांबरोबर दोन-दोन कप चहा असेल तर लवकर पिवळं पडतं, हेही खरं. पण त्यासाठी दात फारसा घासावा लागत नाही, म्हणून पुढे विनियरची वाट मोकळी राहते.

तोवर शासकीय दंत महाविद्यालयात एकदा दात दाखवून या, तिथल्या डॉक्टरांचा आपल्याला आठ दात विकण्यात काही फायदा नाही. आपल्या डॉक्टरांकडे मॉक-अप मागा. दात न घासता वरून तात्पुरतं लावून दाखवतात. ते लावून घरी आरशात हसून बघा, आईलाही दाखवा. पंधरा हजार तुमच्या महिन्याच्या शिलकीतून दोन महिन्यांत निघतात. नाइट गार्डचा दर तेवढा विचारून मला कळवा.