रडार पाऊस मोजत नाही, अंदाजते

प्रश्न असा आला आहे: ‘पर्जन्यमापक आणि पर्जन्यमान यांत नेमका फरक काय? आणि हल्ली रडारनेही पाऊस मोजतात, तर रडारला पर्जन्यमापक म्हणता येईल का?’

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. मापक म्हणजे मोजणारे उपकरण, मान म्हणजे मोजून आलेले प्रमाण. म्हणून ‘काल जोरदार पर्जन्यमान झाले’ हे वाक्य चूक आहे, आणि तेच सारखे कानावर पडते. पाऊस होतो, पडतो, कोसळतो. मान कोसळत नाही. ताप भरला तर ‘अंगात तापमान भरले’ असे कोणी म्हणत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात अरत्निभर, म्हणजे हातभर, तोंडाचे कुंड ‘वर्षमान’ म्हणून ठेवायला सांगितले आहे, हा दाखला कोणीतरी देईलच. बरोबर आहे, संस्कृतात मान म्हणजे मापण्याचे साधनही. मराठीने ती दोन कामे दोन शब्दांना वाटून दिली. वाटणी सोयीची आहे, ती मोडू नये.

आता रडार. त्याला पर्जन्यमापक म्हणू नये, आणि ‘रडारने 80 मिलिमीटर पाऊस मोजला’ असेही लिहू नये. मापकात पाणी खरोखर जमते. त्यात 1 मिलिमीटर भरले याचा अर्थ चौरस मीटरला 1 लिटर पाणी पडले. रडारच्या हाती थेंबभरही पाणी लागत नाही. ते रेडिओ लहरी फेकते आणि थेंबांवर आपटून परत येते तेवढे ऐकते. या कामाला मराठीत एकच चपखल शब्द आहे: अंदाज.

फारसीत ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणे. त्यातले ‘अंदाज’ शेवटी जोडले की तीर फेकणारा तो तीरंदाज, तोफेचा गोळा फेकणारा तो गोलंदाज. क्रिकेटमधला गोलंदाज फार नंतरचा. बर्क म्हणजे वीज, म्हणून बंदूकवाला शिपाई तो बरकंदाज, वीज फेकणारा! मध्य फारसीत, म्हणजे फारसीच्या जुन्या रूपात, याच क्रियापदाला मोजणे, आखणे असाही अर्थ होता, आणि तिथल्या ‘हंदाजग’ म्हणजे माप या शब्दावरून अरबीत भूमितीला ‘हंदसा’ हे नाव पडले.

फेकणे आणि मापणे एका शब्दात कसे नांदतात? माझे मत असे की जिथे हात पोचत नाही तिथे माणूस काहीतरी फेकूनच मोजतो. विहीर किती खोल आहे ते पाहायला आपण खडा टाकतो आणि आवाज किती वेळाने येतो ते ऐकतो. मराठीत ‘खडा टाकून पाहणे’ म्हणजे अंदाज घेणेच की. नजरही आपण ‘टाकतो’. रडार तंतोतंत हेच करते: लहर परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर, आणि ती किती जोराने परतली यावरून पावसाचा जोर. एखादा शब्द शतकानुशतके आपल्या यंत्राची वाट पाहत थांबला असावा, असे मला हे लिहितानाही वाटते.

भाषाशुद्धीचे कैवारी इथे ‘अनुमान’ सुचवतात. मला ते साफ अमान्य आहे. न्यायशास्त्रात अनुमान हे प्रमाण, म्हणजे खात्रीच्या ज्ञानाचे साधन आहे आणि त्याला अव्यभिचारी व्याप्ती, म्हणजे कधी न तुटणारी सांगड लागते: जिथे धूर तिथे अग्नी, कधीही अपवाद नाही. रडारपाशी अशी व्याप्ती नाही. परतणाऱ्या लहरीचा जोर थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर ठरतो, पाणी मात्र तिसऱ्या घातावर. 2 मिलिमीटरचा एक थेंब 1 मिलिमीटरच्या 64 थेंबांइतका प्रतिध्वनी देतो, पण त्यात पाणी असते आठच थेंबांचे. म्हणजे तोच प्रतिध्वनी थोड्या टपोऱ्या थेंबांचा असेल किंवा असंख्य बारीक थेंबांचा, आणि दोन्हींत पाणी निराळे. गारा किंवा वितळता बर्फ आला तर आकडा भलताच फुगतो. त्यातच पृथ्वी गोल. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला किरण 100 किलोमीटरवर जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंच असतो. तिथे दिसलेला पाऊस खाली येईपर्यंत वाटेत सुकूही शकतो. अशा आकड्याला अनुमान म्हणणे म्हणजे त्याला नको तेवढी प्रतिष्ठा देणे.

मापकही निर्दोष नाही. वारा सुटला की थेंब तोंडावरून निघून जातात आणि पाऊस कमी भरतो. कलत्या पाळ्याच्या मापकात ठरावीक पाणी भरले की छोटे पाळे कलंडते आणि तेवढा पाऊस मोजला जातो; पण पाळे कलंडत असताना पडलेले पाणी मुसळधारेत मोजणीतून सुटते. शिवाय तो एका वीतभर जागेचा साक्षीदार, शेजारच्या गावात काय कोसळले ते त्याला ठाऊक नसते. म्हणून पाऊस कुठे आणि कसा पसरला ते रडारकडून घेतात आणि किती पडला याचा ताळा मापकाशी घालतात. पडताळा हा शब्द इथे शोभून दिसतो.

राहता राहिले उद्याच्या पावसाचे. त्यालाही सर्रास ‘अंदाज’ म्हणतात, आणि मग ‘80 मिलिमीटर पावसाचा अंदाज’ वाचणाऱ्याला तो पडून गेला की पडायचा आहे हेच कळत नाही. उद्याचे ते भाकीत. पडून गेलेल्या पावसाबद्दल लिहा: ‘रडारच्या अंदाजाने 80 मिलिमीटर, मापकात 62.’