एअर प्लांटची टोकं वाळतायत?

ताई, तुमच्या एअर प्लांटचा, म्हणजे मातीशिवाय वाढणाऱ्या झाडाचा, फोटो पाहिला. पानं आत वळलीत, टोकं वाळलीत, म्हणजे झाड तहानलंय. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर गेला की नुसत्या फवाऱ्यानं भागत नाही. आठवड्यातून दोनदा अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. बोअरचं जड पाणी नको, पानांवर क्षार बसतात. पावसाचं साठवलेलं असेल तर उत्तमच. मग उलटं धरून चांगलं झटका आणि पंख्याखाली ठेवा, चारेक तासांत सुकलं पाहिजे.

बुडखा मात्र दाबून बघा. मऊ, काळपट लागला आणि मधली पानं ओढताच हातात आली, तर ते कुजलंय. कडेला फुटलेलं छोटं रोप, म्हणजे पिल्लू, टणक असेल तर तेवढं सोडवून घ्या, बाकी टाकून द्या. आणि झाड ठेवलंय ती काचेची बंद बरणी? शोभेला ठीक, झाडाला नाही.