ईपीएसपीएसचं जनुक ई. कोलायमध्ये घातल्यावर पुन्हा अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये कशाला? (एम.एस्सी. प्रोजेक्ट, नागपूर)

नुसत्या ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जीवाणूवर भागणार नाही, कारण जीवाणूत ईपीएसपीएस हा एन्झाइम (काही अमिनो आम्लं बनवण्याच्या साखळीतला) काय करू शकतो तेवढंच कळतं, तो खरोखर काय करतो ते अ‍ॅराबिडॉप्सिससारख्या प्रयोगासाठी वापरल्या जाणाऱ्या छोट्या झाडातच दिसतं. मी नागपुरातच हे दोन्ही प्रयोग करते, त्यावरून सांगते. ईपीएसपीएस झाडं, बुरशी आणि जीवाणू सगळ्यांत आहे, प्राण्यांत नाही. ज्या ई. कोलायचं हे जनुक मोडलंय तो मिनिमल माध्यमावर (ज्यात अमिनो आम्लं घातलेली नसतात) वाढतच नाही. फिनाइलअ‍ॅलनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं बाहेरून द्यावी लागतात. त्यात झाडाचं जनुक घातलं आणि मिनिमल माध्यमाच्या कोऱ्या प्लेटवर टाचणीच्या डोक्याएवढ्या वसाहती उगवल्या, की झाडाचा एन्झाइम जीवाणूचं काम करतोय हे डोळ्यांनी दिसतं. फार सुंदर प्रयोग आहे, चुकवू नका. मात्र जनुक सीडीएनए (इंट्रॉन वगळलेली डीएनए प्रत) म्हणून घ्या (इंट्रॉन म्हणजे जनुकातले प्रथिन न घडवणारे मधले तुकडे, ते ई. कोलाय काढत नाही) आणि हरितलवकाकडे नेणारा सुरुवातीचा तुकडा कापून टाका. तो एन्झाइम कोणत्या पेशीत, वाढीच्या कोणत्या टप्प्यावर लागतो, हे मात्र झाडालाच विचारावं लागतं: अ‍ॅराबिडॉप्सिसचे फुलोरे अ‍ॅग्रोबॅक्टेरियमच्या द्रावात बुडवा (हा जीवाणू जनुक झाडात पोहोचवतो), बी धरू द्या, त्यातून जनुक शिरलेली रोपं निवडा. या झाडाला साधारण 22 अंश तापमान मानवतं, म्हणून आपल्याकडचा मे टाळून नोव्हेंबरात पेरा. फक्त एक लक्षात ठेवा, ई. कोलायच्या प्लेटवर वसाहती आल्या नाहीत म्हणून जनुक निकामी ठरवू नका. झाडाचं प्रथिन जीवाणूत कधीकधी नीट घडी न पडता गुठळी होऊन बसतं.