‘आमचो झील चोरी शिकतलो काय?’

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या देवगड तालुक्यातल्या एका हापूस बागायतदाराने खुर्चीत बसता बसताच मला हा प्रश्न विचारला. झील म्हणजे मुलगा. बायको सोबत होती, मुलगा बाहेर बाकावर. मला आधी वाटलं, घरातून पैसे गेले असावेत. तसं काही नव्हतं. मुलगा कम्प्युटरवर एक गेम खेळतो, आणि त्या गेममध्ये अंधारात पहारेकऱ्यांच्या मागून सरपटत जायचं, त्यांना कळू न देता आत शिरायचं, हवं ते उचलायचं आणि पसार व्हायचं. वडिलांनी एका रात्री दाराच्या फटीतून हे पाहिलं होतं.

“मॅडम, सीझनभर मी कलमांची राखण करतंय. गुरखे ठेवतंय, रातचो स्वतः बॅटरी घेवन फिरतंय. आणि माझोच झील राखणदाराच्या पाठसून कसा जावचा तां शिकता!”

(कुटुंबाची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

हसू येण्यासारखं वाक्य आहे, पण तो माणूस हसत नव्हता. फळ तयार व्हायला लागलं की दोन-तीन रात्रींत वर्षाची कमाई जाऊ शकते, हे देवगडात कुणाला सांगावं लागत नाही. चोरपावलांनी चालणारा माणूस त्यांच्या लेखी फक्त चोरच. कुडाळात बसून मी अशा तक्रारी अधूनमधून ऐकते. पूर्वी ‘बंदुकीचा गेम’ म्हणून यायच्या, आता ‘लपायचा गेम’ म्हणून येतात. पालकांच्या मनातले प्रश्न मात्र ठरलेले असतात: पोरगं हिंसक होईल का, खोटारडं होईल का, व्यसनात अडकेल का.

आईची काळजी वेगळी होती. “माका तेच्या झोपेची काळजी. सकाळी साडेसहाची एस्टी, आणि हो तोंडार पाणी मारल्याशिवाय उठणा नाय.” नवऱ्याच्या आवाजाखाली हे वाक्य जवळजवळ दबून गेलं. मी वहीत मात्र तेच आधी लिहिलं.

मुलगा सतराचा, नुकताच बारावी सायन्सला गेलेला. आदल्या दिवाळीला मुंबईच्या काकाने आपला जुना कम्प्युटर, ग्राफिक्स कार्डासकट, गावी पाठवला होता. अकरावीत पहिल्या सहामाहीला बरे असलेले मार्क वार्षिकला घसरले. आई-वडील बाहेर गेले आणि तो आत आला तेव्हा एक-एक शब्दात उत्तरं देत होता. कॉलेज? बरं. जेवण? जेवतो. मग मी विचारलं, “परवा शेवटचं मिशन कुठलं खेळलास? मला काही कळत नाही असं समजून सांग.”

त्याने माझ्या टेबलावरचा कागद ओढला आणि चौकी काढायला घेतली. इथे डोंगर, इथे टेहळणीचा मनोरा, इथे रेडिओची खोली. गेमचं नाव ‘मेटल गिअर सॉलिड ५: द फँटम पेन’. कोनामी या जपानी कंपनीने २०१५ मध्ये आणलेला, हिदेओ कोजिमांचा. काळ १९८४ चा, भूमी सोव्हिएत फौजांनी व्यापलेला अफगाणिस्तान, पुढे आफ्रिका. काम सांगितलेलं असतं, कैद्याला सोडव किंवा कागदपत्रं आण, पण कुठल्या वाटेने, दिवसा की रात्री, हे काही सांगितलेलं नसतं. मोकळं मैदान. दिवस-रात्र गेममध्येच सरकत असतात, पहारे बदलतात, मध्येच धुळीचं वादळ उठतं आणि दोन्ही बाजूंना काही दिसेनासं होतं. झोपवलेला पहारेकरी दुसऱ्याला सापडला तर तो त्याला उठवतो, आणि मग अख्खी चौकी जागी. आधी रेडिओची यंत्रणा निकामी केली असेल तर मुख्य ठाण्याला कळवता येत नाही.

“आणि मी कोणाक मारूक नाय,” तो म्हणाला. “झोपवतंय फक्त.” हे खरं असू शकतं. गुंगीचं इंजेक्शन मारणारं पिस्तूल त्यात सुरुवातीपासून असतं, आणि बरीचशी मिशन्स एकही जीव न घेता पार करता येतात. झोपलेल्या सैनिकाला फुगा बांधून आकाशात उडवायचं आणि आपल्या तळावर न्यायचं, अशीही सोय आहे. बकऱ्यांनासुद्धा. “बकरी ‘बेंऽऽ’ करून ओरडते आणि सुटते वर,” हे सांगताना तो पहिल्यांदा हसला.

तरीही एक गोष्ट मी त्याला आणि पालकांना सांगितली. या गेमला अमेरिकेत सतरा वर्षांवरचा आणि युरोपात अठरा वर्षांवरचा शिक्का आहे. रक्त आहे, छळाचे प्रसंग आहेत. सतराच्या मुलाने खेळावा की नाही हे घरात बोलून ठरवण्यासारखं आहे. याच घरात सातवी-आठवीतला मुलगा असता तर मी सरळ ‘नको’ म्हटलं असतं.

वडिलांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्या मानाने छोटं आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये जुनी भूमिका पुन्हा तपासून सांगितलं, की हिंसक गेममुळे माणूस प्रत्यक्षात हिंसाचार करतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. ओरडणं, ढकलणं अशा आक्रमकतेशी छोटासा संबंध दिसतो. गेममध्ये चौकीत शिरणारा मुलगा उद्या शेजाऱ्याच्या बागेत शिरेल, अशी भीती बाळगायचं कारण मला या मुलात कुठेही दिसलं नाही. त्याच्या वयाची मुलं बागेत कैऱ्या पाडायला शिरतात ती कुठल्याही गेमशिवाय, आणि त्यांच्या वडिलांनीही त्या पाडलेल्या असतात.

पण घरात लपाछपी चालू होती, आणि ती खरी अडचण होती. आधी वडील ओरडले. मग त्यांनी नेट बंद केलं. त्याने फरक पडला नाही, कारण हा गेम एकट्याने, नेटशिवायही खेळता येतो. मग माऊस कपाटात गेला. मित्राकडून दुसरा आला. मग रात्री अकराला माडीचा मेन स्विच खाली पडू लागला. मुलगा वडील झोपल्यावर अंधारात उतरून तो वर करायचा. वडील किती वाजता लघवीला उठतात, जिन्याची कुठली पायरी वाजते, खोकला आधी येतो की बॅटरीचा उजेड, सगळं त्याला पाठ. एक कान हेडफोनमध्ये, एक उघडा.

आणि मग तो जे बोलला ते मी वडिलांनाही, त्याच्या परवानगीने, नंतर ऐकवलं. या गेममध्ये शत्रू शिकतो. तुम्ही सारखे डोक्यावर नेम धरलात की काही दिवसांनी पहारेकरी हेल्मेट घालून येतात. रात्रीच हल्ले केलेत की त्यांना अंधारात दिसणारे चष्मे मिळतात. गुंगीचा धूर वापरलात तर तोंडाला मास्क. “बाबा पण तसेच,” तो म्हणाला. “मी एक केलं की ते पुढचं करतात. मग मला नवीन शोधावं लागतं.”

मुलगा घरात खोटं बोलायला गेमने शिकला नव्हता. त्याच्या घरात खरं बोलणं महाग पडत होतं: “अजून वीस मिनिटं हवी आहेत” म्हटलं की भांडण ठरलेलं, गप्प बसून खेळलं तर निदान अर्ध्या रात्री निभावून जायचं. वडिलांचा हेतू चांगलाच होता. पण राखणीची सवय घरात आली की समोरचा माणूस आपोआप चोर ठरतो, आणि मी हे त्यांना जवळजवळ याच शब्दांत सांगितलं.

व्यसन की नाही, हे ठरवायला घाई चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार नोंदलेला आहे. ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात तीन गोष्टी बघतात. खेळण्यावर ताबा उरलेला नसणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा गेम वरचढ होत जाणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं किंवा वाढवणं. यातून शिक्षण, घर, माणसं यांचं ठळक नुकसान झालेलं असलं पाहिजे, आणि हे साधारण बारा महिने टिकलेलं असलं पाहिजे. प्रकार गंभीर असेल तर त्याआधीही निदान होऊ शकतं. निव्वळ किती तास खेळतो यावरून निदान होत नाही. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून तर नाहीच.

कोकणात आम्हा लोकांना एक आयती संधी मिळते. लाइट जाते. पावसात तर दोन-दोन दिवस जाते. मी आईला विचारलं, त्या दिवसांत हा काय करतो? चिडतो, येरझाऱ्या घालतो, मित्राकडे जाऊन तिथे खेळतो? ती म्हणाली, “लाइट नसली की हो बरो आसता. जूनात लाइट नव्हती तर पोरांबरोबर चढणीचे मासे धरूक गेलो, येवन निजलो तो सकाळी आपणच उठलो.” यावरून निदान करत नाहीत, पण माझा विचार कुठे झुकला हे कळेल. कॉलेज चुकलेलं नव्हतं, मित्र सुटलेले नव्हते. मला दिसत होती ती झोपेची मोठी उधारी आणि बाप-लेकातली चकमक.

मग तो थांबत का नव्हता? इथे या जातीच्या गेमचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. क्रिकेटला षटकं असतात, मालिकेत जाहिरात येते. मोकळ्या मैदानातल्या मिशनला असा ठरलेला शेवट नाही. वीस मिनिटांचा बेत करून शिरलेला खेळाडू चौकीच्या मध्यावर असताना अनपेक्षितपणे ट्रक येतो, आरडाओरडा होतो, आणि पुढचा तास निसटण्यात जातो. बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसलं की माणूस जास्त चिकटून राहतो, हे मानसशास्त्रात प्रयोगांनी फार पूर्वीच दाखवलेलं आहे. त्यात हा गेम मनात येईल तिथे जतन होत नाही. चेकपॉइंट, म्हणजे गेम आपोआप जतन होण्याचा टप्पा, येण्याआधी मध्येच बंद केलं तर तोवरचं वाया. वडील बरोबर अर्ध्या तासाने “बंद कर” म्हणायचे, आणि नेमका तेव्हा तो कुणाच्या तरी पाठीमागे श्वास रोखून बसलेला असायचा. मेन स्विच पडला की तासाभराची मेहनत गेली. त्यानंतरची आदळआपट पाहून घरच्यांना वाटायचं, पोरगं हिंसक झालं.

म्हणून आम्ही थांबायची वेळ ठरवली नाही. सुरू करायची शेवटची वेळ ठरवली. कॉलेजच्या दिवशी संध्याकाळी साडेआठनंतर कुठलंही नवीन काम हातात घ्यायचं नाही. चालू असलेलं पुढच्या चेकपॉइंटपर्यंत न्यायचं, हेलिकॉप्टर बोलवायचं, बाहेर पडायचं. मोठी मिशन्स शनिवारी. हे वेळापत्रक त्यानेच बनवलं, कारण कुठलं काम साधारण किती ताणतं ते त्यालाच ठाऊक. कम्प्युटर माडीवरून खाली ओटीलगतच्या खोलीत आला, फोन रात्री स्वयंपाकघरात. वडिलांनी स्विचला हात लावायचा नाही, ही त्यांची बाजू. साडेआठला कुणीही आठवण करायची नाही, ही आईची. तिला हेच सगळ्यात जड गेलं.

आणि वडिलांना आणखी एक काम दिलं: एका रविवारी शेजारी बसून एक मिशन पाहायचं, सूचना न देता. सूचना न देणं त्यांना जमलं नाही. चौकी दुर्बिणीतून दिसली तेव्हा म्हणे थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, “पाठच्या गडग्यार माणूसच नाय ठेवल्यानी. चोर हयसूनच येतलो.” मुलगा समोरच्या बाजूने दोनदा पकडला गेला होता. मागच्या भिंतीकडून गेला आणि आत शिरला. त्यावर वडिलांनी तिथल्या पहाऱ्याची मांडणी किती भिकार आहे, हे त्याला सविस्तर ऐकवलं. हे मला मुलाने सांगितलं. वडिलांनी विषयच काढला नाही.

सगळं सरळ झालं नाही. गणपतीत मुंबईची चुलत भावंडं आली, आरत्या, भजनं आटोपल्यावर पोरं पहाटेपर्यंत खेळली आणि घडी पार विस्कटली. वडिलांचा फोन आला, “स्विच पाडू काय?” मी म्हटलं, चाकरमानी परत जाऊदेत, आठवडाभर थांबा. आठवड्याने मुलगा आपणहून साडेआठवर आला, पण एकदा-दोनदा साडेनऊही झाले. दिवाळीनंतर भेटलो तेव्हा फिजिक्स सावरलं होतं, केमिस्ट्री तशीच होती. केमिस्ट्रीचा गेमशी काही संबंध नव्हता, क्लास बदलायला हवा होता. सकाळी तो उठतो, आई सांगते, हाक मारावी लागते पण पाणी मारावं लागत नाही.

मध्ये तिचाच पुन्हा फोन आला. नालासोपाऱ्याचा भाचा मोबाइलवर पैसे लावून रमी खेळतो, त्यालाही ‘साडेआठचा नियम’ सांगू का? मी नको म्हटलं. तो प्रकार वेगळा आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला, तरी आधी झालेली देणी कायद्याने फिटत नाहीत, आणि आडमार्गाने खेळणारे खेळतातच. तिथे किती वेळ खेळतो हा पहिला प्रश्न नसतो. किती गेले, कुणाकडून उसने घेतले, कर्ज देणारी ॲप्स फोनमध्ये आहेत का, आणि रात्री झोप लागते का, जीव नकोसा वाटतो का, हे विचारायचं असतं. मुंबईहून कुडाळला येईपर्यंत थांबू नका, सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं, आजच लावायला सांगा. आणि माझ्याकडे यायचंच असेल तर त्याला बँकेचं स्टेटमेंट घेऊन यायला सांगा.