नाकारणाऱ्यांशी वाद घालण्याआधी

सिव्हिल लाइन्स, नागपूर

चि. विद्यार्थिमित्रास अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. पूर्व बोस्नियातील स्रेब्रेनित्सा या गावी झालेला नरसंहार नाकारण्याच्या राजकारणावर तू लिहिणार आहेस आणि पहिले संपूर्ण प्रकरण तू मृतांचा आकडा सिद्ध करण्यासाठी राखून ठेवले आहेस. आकडा भक्कम आहे. जुलै १९९५ मध्ये तेथे बोस्नियन सर्ब सैन्याच्या हातून आठ हजारांहून अधिक बोस्नियाक, म्हणजे बोस्नियन मुस्लिम, पुरुष आणि मुलगे मारले गेले. मात्र आकड्यावरचा वाद चालू राहण्यातच नाकारणाऱ्यांचे हित असते, म्हणून प्रबंधाचा पाया तेथे घालू नकोस.

हत्याकांड आधी झाले आणि नकार नंतर आला, असे तू गृहीत धरलेले दिसते. प्रत्यक्षात त्याच वर्षी, हत्येनंतर काही आठवड्यांतच, बोस्नियन सर्ब सैन्याने मूळ सामूहिक कबरी यंत्रांनी उकरल्या आणि प्रेते ट्रकमध्ये भरून दूरच्या जागी पुन्हा पुरली. या उकराउकरीत देह तुटले. एकाच माणसाच्या अस्थी कित्येक किलोमीटर अंतरावरच्या निरनिराळ्या कबरींत सापडल्या आणि डीएनए चाचणीवाचून त्या कोणाच्या हे सांगणे अशक्य होऊन बसले. मुलाच्या हाती लागल्या तेवढ्या अस्थी स्रेब्रेनित्साजवळच्या पोटोचारी येथील स्मारक दफनभूमीत पुरणाऱ्या आईला, पुढे आणखी अस्थी सापडल्यावर, तीच कबर पुन्हा उघडावी लागली. ‘एवढी प्रेते आहेत कुठे?’ असे नंतर विचारणाऱ्यांची सोय त्या यंत्रांनी आधीच करून ठेवली होती. तुझे पहिले प्रकरण येथून सुरू व्हावे, असे मला मनापासून वाटते.

दुसरी गोष्ट सत्तेची. २००४ मध्ये सर्ब प्रजासत्ताकाच्याच, म्हणजे बोस्निया देशातील सर्बबहुल स्वायत्त भागाच्या, चौकशी आयोगाने या हत्या मान्य केल्या आणि तेथील सरकारने माफीही मागितली. परंतु २०१८ मध्ये त्याच प्रजासत्ताकाच्या विधिमंडळाने तो अहवाल फेटाळला. या चौदा वर्षांत पुरावा कमी झाला नव्हता, उलट वाढला होता. मार्च २०१६ मध्ये, पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने बोस्नियन सर्बांचे युद्धकाळातील नेते राडोव्हान काराजिच यांना दोषी ठरवण्याच्या अवघ्या काही दिवस आधी, पाले येथील विद्यार्थी वसतिगृहाला त्यांचे नाव देण्यात आले आणि त्या समारंभाला प्रजासत्ताकाचे अध्यक्ष मिलोराद दोदिक स्वतः हजर होते. ज्ञान वाढत असताना कबुली मागे का घेतली जाते, आणि त्यातून कोणाला मते मिळतात, हा तुझ्या विषयाचा गाभा आहे.

सर्वांत अवघड नकार तो, जो मृत्यू मान्य करतो आणि हेतू अमान्य करतो. ‘युद्धात माणसे मरतातच, गुन्हा झाला असेल, पण नरसंहार नव्हे,’ ही त्याची भाषा. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या नरसंहारविरोधी करारानुसार एखादा गट पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. बोस्नियन सर्ब सेनानी क्रस्टिच यांच्या खटल्यात २००४ साली त्याच न्यायाधिकरणाच्या अपील न्यायपीठाने तो हेतू कसा सिद्ध मानला, ते मूळ निकालपत्रातच वाच, आणि बचाव पक्षाचे म्हणणे मुळीच गाळू नकोस. आपल्याजवळचे एक प्रकरणही डोळ्यांसमोर ठेव. २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. न्यायालयांनी हत्या मान्य केली, शिक्षा दिल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू मानला नाही; २०१० मध्ये आपल्या नागपूर खंडपीठानेही जातीय हेतू स्वीकारला नाही. तो नरसंहार नव्हता, आणि न्यायालयाचा निष्कर्ष व राजकीय नकार यांची गल्लत करणे मला मान्य नाही. तरीही मृत्यूची नोंद झाली आणि त्यामागचे कारण नोंदीबाहेर राहिले, तेव्हा लोक का पेटून उठतात, हे दीक्षाभूमीच्या शहरात वाढलेल्या तुला समजावून सांगावे लागणार नाही.

तुझ्यासमोर कोणी स्रेब्रेनित्साभोवतीच्या सर्ब गावांचा दाखला देईल. १९९२-९३ मध्ये त्या गावांवर बोस्नियाक दलांचे हल्ले झाले आणि सर्ब नागरिकही मारले गेले, हे खरे आहे. ते स्पष्टपणे आणि आदराने लिही. त्या मृतांना स्वतःचा न्याय हवा आहे. जुलै १९९५ चा हिशेब मिटवण्यासाठी त्यांची नावे वापरणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे. शंका घेणाऱ्या प्रत्येकाला मात्र नाकारणारा ठरवू नकोस. उत्तर मिळाल्यावर तो ते तपासतो की लगेच पुढचा प्रश्न फेकतो, एवढे पाहा.

राहिला तुझा शेवटच्या प्रकरणातील प्रस्ताव, की नकाराला शिक्षा असावी. जुलै २०२१ मध्ये तेथील शांतता करारावर देखरेख ठेवणारे आंतरराष्ट्रीय अधिकारी, म्हणजे उच्च प्रतिनिधी, व्हॅलेंटिन इंझको यांनी बोस्नियात असा कायदा आपल्या अधिकारात लागू केला आणि सर्ब पक्षांनी लगोलग बोस्नियाच्या मध्यवर्ती संस्थांवर बहिष्कार टाकला. बाहेरून आलेल्या कायद्याने नाकारणाऱ्यांना पीडिताची भूमिका आयती मिळते, अशी माझी धारणा आहे. पण ज्या आईला मुलाच्या मारेकऱ्याचे चित्र भिंतीवर रंगवलेले रोज पाहावे लागते, तिला थांबायला सांगण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही. तुझे मत माझ्याविरुद्ध जात असेल तर ते मवाळ करू नकोस. पूर्ण युक्तिवादासह लिही आणि पहिल्या प्रकरणाच्या नव्या मसुद्याबरोबर पाठव.

तुझा शुभचिंतक