"आपल्या बागेतला तो पण तसलाच का?" असं मुलीने विचारलं तर

"मॅडम, शाळेतून असली रडकी पुस्तकं देतात कशाला? पोरगी रात्रीची झोपत नाय." रत्नागिरीकडच्या एका आईचा हा प्रश्न (ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). मुलगी पाचवीत, गोष्टीत आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेला, शाळा सुटलेला मुलगा. इतक्या लहान वयात हे कशाला कळायला हवं, असं खूप पालक विचारतात.

मी मुलीशी एकटीशी बोलले. उसाच्या फडाचं तिला काही नव्हतं हो, तिला आठवत होता त्यांच्याच बागेतल्या राखणदाराचा मुलगा, तो पण शाळेत जात नाही मग तो पण तसलाच का, असं तिने घरी विचारलं तर उत्तर मिळालं, "गप जेव." माझं स्पष्ट मत आहे, झोप उडाली ती पुस्तकाने नाही, या गप जेवने.

आपल्याकडे हापूसच्या बागा राखायला नेपाळहून कुटुंबं येतात, बरीचशी दिवाळीच्या आसपास, आणि पावसाच्या तोंडावर परत जातात म्हणजे मुलाचं शाळेचं वर्ष मधेच तुटतं. रायगडातल्या कातकरी कुटुंबांचं वीटभट्टीपायी तेच होतं. बागेत पगार बापाला, मुलगा कोणाच्या हिशोबात नाही, पण माकडं हाकलतो, पडलेले आंबे गोळा करतो, फवारणी चालू असली तरी तिथेच, आणि ते औषध लहान अंगाला जास्त बाधतं.

मुलीचे बाबा म्हणाले, "आमी काय त्याला कामाला लावलेला नाय, बापाबरोबर फिरतो आपला." मी म्हटलं, दादा, मग हेच मुलीला सांगा, आणि तो शाळेत का नाही तेही सांगा. फक्त बिचारा म्हणू नका. कीव आली की मुलं जुने कपडे देऊन मोकळी होतात, मग पुढचा प्रश्न पडत नाही. त्याला काय येतं ते विचारायला सांगा. तिने विचारलं, तर आंब्याच्या कुठल्या कलमावर माकडं आधी येतात हे त्याला तोंडपाठ, आणि तिच्या पुस्तकातली अक्षरंही त्याने वाचली, नेपाळीची लिपीही देवनागरीच ना!

उरलेलं काम मात्र मोठ्यांचं आहे, ते मुलीच्या डोक्यावर ठेवायचं नाही, हे मी आईबाबा दोघांनाही निक्षून सांगितलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वयानुसार वर्गात बसवावं लागतं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. बालमजुरी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ खालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, घरच्या, धोका नसलेल्या कामाला हातभार चालतो पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. बाबा राखणदाराला घेऊन शाळेत गेले, शाळेने आधी दाखला मागितला, मग कायदा सांगितल्यावर मुलाला घेतलं.

जगात २०२४ च्या अंदाजाने जवळपास १३ कोटी ८० लाख मुलं बालमजुरीत आहेत, त्यातली ६१ टक्के शेतीत. हे आकडे तुमच्यासाठी, पाचवीतल्या मुलीला एक ओळखीचा मुलगा पुरतो. आणि कुठे मूल राबताना दिसलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.

मुलगी झोपते आता. कुटुंब परत जाईल तेव्हा मुलगा काय शिकला ते शाळेकडून लिहून घ्या, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखवता येईल, असं बाबांना सांगून ठेवलंय.