परसबागेतील कीड: वाचकांचे प्रश्न

पावसाळी भाजीपाल्याची लागवड झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत कीडनियंत्रणाचे प्रश्न वाढतात. बहुतेक पत्रांत लक्षणाचे वर्णन एका ओळीत उरकलेले असते आणि ‘कोणते औषध मारावे’ हा प्रश्न मात्र अधोरेखित केलेला असतो. कीड झाडाच्या कोणत्या भागात आणि कोणत्या अवस्थेत आहे हे ठरल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, म्हणून पुढील उत्तरांत फवारणीपेक्षा निरीक्षणाला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न: गच्चीवरील वाफ्यात वांग्याची सहा झाडे आहेत. हिरवेगार शेंडे अचानक माना टाकतात आणि फळे कापल्यावर आत अळी निघते. निंबतेलाची फवारणी नियमित चालू असूनही फरक का पडत नाही? (ठाणे)

उत्तर: ही शेंडा व फळ पोखरणारी अळी आहे. हिचा पांढुरका पतंग पानांच्या मागे, कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर अंडी घालतो, आणि अंड्यातून निघालेली अळी काही तासांतच शेंड्यात किंवा फळात शिरून आपल्यामागे छिद्र विष्ठेने बुजवून टाकते. त्यानंतर बाहेरून मारलेले काहीही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. निंबतेल निरुपयोगी नाही, परंतु त्याचा उपयोग अंडी आणि नुकत्याच निघालेल्या अळ्या यांच्यापुरताच आहे.

सहा झाडांसाठी कात्री हेच उत्तम साधन आहे. मलूल झालेला शेंडा छिद्राच्या दोन बोटे खालून कापावा, उभा चिरून अळी आत आहे याची खात्री करावी आणि तो तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवावा. असे शेंडे कंपोस्टच्या डब्यात टाकू नयेत, कारण अळी तेथे आपली वाढ पूर्ण करू शकते. फळावर ठळक गोल छिद्र दिसते ते बहुधा अळी बाहेर पडल्याचे असते. बाहेर पडलेली अळी झाडाखालच्या पालापाचोळ्यात कोष करते, त्यामुळे वांग्याखाली वाळक्या पानांचा थर साचू न देणे हेही नियंत्रणच आहे.

कामगंध सापळा, म्हणजे मादी पतंगाच्या गंधाने नराला ओढणारा सापळा, लावण्यास हरकत नाही. मात्र त्यात केवळ नर पतंग अडकतात आणि आसपासच्या बागांतून मीलन झालेल्या माद्या येत राहतात, हे लक्षात घेऊन लहान बागेत त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. त्यापेक्षा झाडे लहान असतानाच बारीक विणीच्या जाळीने पूर्ण झाकणे अधिक परिणामकारक ठरते. वांग्याचे फूल स्वतःच्या परागाने फळ धरू शकते, त्यामुळे फुलोऱ्यातही जाळी काढावी लागत नाही. सकाळी झाडे हलकेच हलवली म्हणजे पुरे. ही अळी शेतकऱ्यांनाही किती छळते याची कल्पना यावी म्हणून सांगतो, की ज्या बीटी (जनुकीय बदल केलेल्या) वांग्याच्या लागवडीला २०१० मध्ये केंद्र सरकारने स्थगिती दिली, ते वाण मुळात हिच्याचसाठी तयार केले होते.

प्रश्न: कुंडीतील मिरचीची पाने आकसून गेली आहेत. शेजारी म्हणतात बोकड्या आहे, आंबट ताक फवारा. (सांगली)

उत्तर: बोकड्या किंवा चुरडा-मुरडा हे लक्षणाचे नाव आहे आणि त्यामागे किमान तीन वेगळी कारणे असू शकतात. पानांच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे दिसत असेल, तर फुलकिड्यांचा संशय घ्यावा. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला असता पिवळसर, अतिशय बारीक, लांबट किडे पळताना दिसतात. कडा खाली वळल्या असतील, पान अरुंद व ठिसूळ झाले असेल आणि देठ लांबलेला वाटत असेल, तर तो कोळी (जाळे विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारा अतिसूक्ष्म माइट) आहे. कोळी हा कीटक नाही, आणि तो पाहण्यासाठी भिंग लागते. नवी पाने बारीक राहून, शिरा पिवळ्या पडून संपूर्ण झाडच खुजे झाले असेल, तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असण्याची शक्यता मोठी आहे.

फुलकिड्यांसाठी दर दोन-तीन दिवसांनी सकाळी पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा द्यावा, निळे चिकट सापळे लावावेत आणि आठवड्याने निंबोळी अर्क मारावा. कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात वापरतात. ते कडक उन्हात मारू नये, आणि निंबतेल मारल्यानंतर दोन आठवडे तरी गंधकाला हात लावू नये, नाहीतर पाने करपतात. विषाणूग्रस्त झाडावर कोणताही उपाय नाही. ते उपटून टाकावे, म्हणजे माशी त्याच्यावरून उठून शेजारच्या कुंडीत रोग नेणार नाही.

ताकाने मिरचीचे नुकसान होणार नाही, पण ते फवारत बसण्यात जे दोन आठवडे जातात त्यांत कीड शेंडा संपवते, हा माझा त्याला आक्षेप आहे.

प्रश्न: चवळीवर काळा मावा आणि मुंग्या आहेत. शिवाय काळ्या रंगाच्या, नारिंगी ठिपक्यांच्या काटेरी अळ्याही दिसू लागल्या आहेत. दोन्हींवर एकच औषध चालेल का? (नाशिक)

उत्तर: त्या काटेरी अळ्यांना कृपया हात लावू नका. त्या ढालकिड्याच्या, म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेल्या परिचित भुंग्याच्या अळ्या आहेत. त्या पाने खात नाहीत, मावा खातात. प्रौढ किडा सर्वांना ओळखता येतो, पण अळीचे रूप भयावह असल्यामुळे तिच्यावरच पहिली फवारणी होते.

मुंग्यांचा बंदोबस्त मात्र करावा. माव्याच्या शरीरातून पाझरणाऱ्या गोड द्रवासाठी मुंग्या त्याचे राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. त्याच द्रवावर पुढे काजळीसारखी काळी बुरशी चढते. वेलीच्या आधारकाठीला आणि कुंडीच्या स्टँडच्या पायांना ग्रीसचा पट्टा ओढला की मुंग्यांची वाट बंद होते. माव्याने गच्च भरलेले शेंडे खुडावेत, उरलेल्यांवर पाण्याचा फवारा द्यावा. एवढ्यावर भागले नाही तर सौम्य द्रव साबण लिटरभर पाण्यात ५ मिली मिसळून, आधी दोन-चार पानांवर तपासून, ढालकिडे नसलेल्या भागावर संध्याकाळी फवारावा. कपडे धुण्याची पावडर वापरू नये.

प्रश्न: कारली बोटभर झाली की पिवळी पडून वाकडी होतात. मिथाइल युजेनॉलचा सापळा लावला, पण त्यात येणाऱ्या माश्यांमुळे कारल्यांना काही फायदा दिसत नाही. (सावंतवाडी)

उत्तर: आपला सापळा काम करतो आहे, पण तो आंबा-पेरूच्या फळमाशीचा आहे. वेलवर्गीय भाज्यांवरील फळमाशीचे नर क्यू-ल्युर या आमिषाकडे येतात. दुकानात ते नावानिशी मागून घ्यावे.

त्याआधी एक पिवळे कारले चिरून पाहावे. आत पांढऱ्या, बिनपायांच्या अळ्या नसतील, तर दोष माशीचा नसून परागीभवनाचा आहे: मधमाश्या कमी असल्या की मादी फुलामागचे फळ थोडे वाढून पिवळे पडते व गळते. अशा वेळी सकाळी नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलावर हलकेच टेकवावेत. अळ्या असतील, तर फळधारणा झाल्याबरोबर प्रत्येक कारल्याला वर्तमानपत्राची लांबट पिशवी चढवावी. दहा-पंधरा कारल्यांसाठी हा उपाय कोणत्याही रसायनापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा आहे, कारण माशी साल टोचून अंडी आत घालते आणि एकदा अळी गरात गेली की फळ वाचत नाही. किडलेली व गळलेली फळे रोजच्या रोज गोळा करून काळ्या प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवावीत; नुसती मातीत लोटली तर अळ्या तेथेच कोष करतात आणि पुढची पिढी आपल्याच वाफ्यातून वर येते.

प्रश्न: शंखी गोगलगाई रात्रीत रोपे फस्त करतात. मीठ टाकावे का? (अलिबाग)

उत्तर: वाफ्यात मीठ टाकू नये, माती बिघडते. संध्याकाळी ओली गोणपाटे पसरून ठेवावीत, पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून उचलाव्यात आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. उघड्या हाताने धरू नये. त्यांच्या अंगात मेंदूला अपाय करणारे परोपजीवी असू शकतात. मातीत पांढरी, साबुदाण्यासारखी अंडी दिसल्यास तीही नष्ट करावीत. गोगलगाई मारण्यासाठी मिळणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या घरात कुत्रे-मांजर असल्यास वापरूच नयेत.

प्रश्न: गावाकडे कपाशीसाठी आणलेले कीटकनाशक थोडे उरले आहे. अगदी पातळ करून भेंडीवर मारले तर चालेल का? की तंबाखूचा काढा बरा? (अमरावती)

उत्तर: दोन्ही नकोत. कीटकनाशक ज्या पिकासाठी नोंदवलेले असते त्याच पिकासाठी त्याचे प्रमाण आणि फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबण्याचे दिवस ठरवलेले असतात; भेंडी तर एक दिवसाआड तोडावी लागते. पातळ केल्याने हा प्रश्न सुटत नाही, उलट अपुऱ्या मात्रेने कीड सोकावते. बाटलीवरील त्रिकोण पाहावा: लाल आणि पिवळा त्रिकोण म्हणजे तीव्र विष. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते मोकळ्या शेतात. आपण बाल्कनीतील फवाऱ्याबद्दल विचारत आहात.

तंबाखूचा काढा ‘नैसर्गिक’ म्हणून सुरक्षित समजला जातो, परंतु निकोटीन माणसालाही विषारी आहे आणि ते त्वचेतून शरीरात जाते. शिवाय तंबाखूतून टोमॅटो-मिरचीवर विषाणू येऊ शकतो.

भेंडीसाठी निंबोळी अर्क करावा. वाळलेल्या ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून त्यात चमचाभर साबणाचे पाणी घालावे आणि त्याच संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पानांच्या मागे पोहोचेल असे फवारावे. उन्हात यातील क्रियाशील घटक लवकर विघटन पावतो. किडे सकाळी मरून पडलेले दिसणार नाहीत. अर्काने त्यांचे खाणे थांबते आणि कात टाकणे बिघडते, त्यामुळे परिणाम चार-पाच दिवसांनी, नव्या पानांवर पाहावा.

उरलेले कीटकनाशक दुसऱ्या बाटलीत ओतू नये आणि मोरीतही सोडू नये. मूळ बाटलीत, लेबलासह, कुलूपबंद ठेवून ते शेतावर परत पाठवावे.